पुलांची उभारणी आणि नदीतील मत्स्यधन



समाजाच्या वार्षिक मेळाव्यात मुलामुलींचे शिक्षण, सहकारी संस्थांचे हिशेब, तलावांचे ठेके, विवाहातील खर्च हे विषय दरवर्षी निघतात, आणि ते निघावयासच हवेत. आज मात्र आम्ही आपले लक्ष अशा एका विषयाकडे वेधू इच्छितो, की जो वरकरणी बांधकाम खात्याचा वाटतो, परंतु ज्याचा परिणाम अखेरीस आपल्या जाळ्यात दिसून येतो. जुने पूल पाडून त्यांच्या जागी नवे पूल बांधले जात असताना नदीतील मासळीचे काय होते, आणि तिचे रक्षण कसे करता येईल, हा तो विषय होय.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही पुलांचे विरोधक नाही. ज्या काळी पूल नव्हते त्या काळी गोदावरी, मांजरा, मन्याड या नद्यांवर तरी चालविणारे, नावेतून व सांगडीवरून उतारू पैलतीरी नेणारे लोक आपल्याच समाजाचे होते. खांद्यावर पालखी आणि हातात वल्हे हीच भोयांची जुनी ओळख. पूल झाले, तरी बंद पडल्या, आणि एक पिढीजात व्यवसाय बुडाला. तथापि पूल होऊ नये असे आपल्या पूर्वजांनी म्हटल्याचे आम्ही कोठे ऐकले नाही. कारण आजारी माणूस, बाळंतीण आणि शाळेत जाणारे मूल यांना पावसाळ्यात नदी ओलांडणे म्हणजे काय, हे नावाड्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

जीर्ण पूल वेळीच बदलला नाही तर काय घडते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडनजीक सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात कोसळला, आणि एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह नदीत गेल्या. 15 जून 2025 रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून माणसे दगावली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपल्या मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पुराने गावे वेढली, आणि सप्टेंबरात मांजरा व तेरणा यांनी पात्रे सोडली. अशा परिस्थितीत जुने, ठेंगणे पूल जाऊन उंच व भक्कम पूल यावेत, हीच आपली सर्वांची इच्छा असणार. सावित्रीवरील नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, हे आपल्या अभियंत्यांच्या कर्तबगारीस भूषणावहच आहे.

मग आमचे गाऱ्हाणे काय? गाऱ्हाणे पुलाविषयी नाही. पूल बांधण्याच्या त्या दोन-तीन वर्षांविषयी आहे. पूल शंभर वर्षांसाठी बांधावयाचा असतो. पण बांधकामाच्या अल्प काळात डोहातील बीज नाहीसे झाले, तर पुढील कित्येक वर्षे त्या पुलाखालून पाणी वाहील, मासळी वाहणार नाही.

हा विषय काढला की एक उत्तर ठरलेले असते: "आम्ही काम उन्हाळ्यात करतो, नदी त्या वेळी कोरडी असते, तेव्हा मासळीच्या नुकसानीचा प्रश्नच कोठे येतो?" हे उत्तर प्रामाणिक असते, परंतु ते आपल्या नद्यांची ओळख नसल्याचे द्योतक आहे. बारमाही वाहणाऱ्या नदीत मासळी सर्वत्र विखुरलेली असते. मराठवाड्यातील नद्यांची गोष्ट निराळी. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा काय, तेरणा काय, किंवा मन्याड व लेंडी काय, या फाल्गुन-चैत्रात वाहावयाच्या थांबतात. परंतु वाहणे थांबले म्हणजे नदी संपली असे नव्हे. ती आपले अंग आवरून घेते आणि डोहाडोहांतून राहते. दोन कोस पात्रातील सारे मासे अशा वेळी एखाद्या डोहात दाटीने जीव धरून असतात. मरळ, वाम, शिंगाळा, झिंगे, लहान खवल्यांची मासळी, सारी एकत्र. पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा भरावयाची ती याच शिल्लक राहिलेल्या माद्यांच्या पोटातून.

आता हे डोह असतात कोठे? काही खडकाच्या कपारीशी असतात, काही वळणावर असतात, आणि पुष्कळसे जुन्या पुलाच्या खांबांशी असतात. पुराचे पाणी खांबावर आदळून दोन्ही अंगांनी भोवरा घेते, तळ खरवडते, आणि तेथे खोल खड्डा पडतो. ज्या जुन्या दगडी पुलांनी आपल्या नद्या ओलांडल्या, त्यांच्या पायथ्याशी असे डोह वर्षानुवर्षे साचत आले आहेत. म्हणजे उन्हाळ्यात मासळीचा अखेरचा आश्रय जेथे, नेमका तेथेच नव्या पुलाचा पाया खणावयाचा असतो. आणि नदी कोरडी म्हणून निवडलेला हंगाम हाच मासळीच्या दृष्टीने सर्वांत कठीण हंगाम असतो. आमच्या सर्व विवेचनाचे सार या एका गोष्टीत आहे. 2016 साली मांजरा धरण आटून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी एखादा डोह टिकणे म्हणजे नदीची बी-बियाण्याची कणगी टिकणे होय.

बांधकामामुळे मासळीस चार प्रकारे अपाय होतो. ते प्रत्येकाने नीट समजून घ्यावेत, कारण ज्याला अपाय कळतो त्यालाच उपाय सांगता येतो.

पहिला प्रकार उपशाचा. पाया खणण्यासाठी भोवती मातीची पाळ घालून आतील पाणी इंजिनाने उपसले जाते. पाणी गुडघ्याइतके झाले की मासे तडफडू लागतात, आणि काठावर जमलेली मंडळी ती पोत्यांत भरून नेतात. एका दिवसाची चैन होते आणि डोहाचे बीज जाते.

दुसरा प्रकार गाळाचा. आपली काळी माती अतिशय बारीक. ती पाण्यात मिसळली की लवकर खाली बसत नाही. हा गढूळपणा माशांच्या कल्ल्यांत बसतो आणि त्यांचा श्वास कोंडतो. शिवाय तो तळाशी बसतो तेव्हा दगडांमधील फटी बुजतात. वामीसारखा मासा दिवसा दगडाखाली व वाळूत दडून राहतो. ज्या किड्यांवर मासळी पोसते तेही दगडाखालीच वाढतात. फट बुजली की घरही गेले आणि अन्नही गेले. पावसाळ्यात नदी गढूळ असतेच, असे कोणी म्हणेल. परंतु पुराचा गाळ प्रवाहाबरोबर पुढे जातो. साचलेल्या डोहात सोडलेला गाळ तेथेच राहतो.

तिसरा प्रकार सिमेंटचा. पाण्याची आम्लता व अल्कता मोजण्याचे जे माप आहे, त्याला सामू म्हणतात. मासळीला साधारणपणे साडेसहा ते साडेआठ सामूचे पाणी मानवते. ओल्या सिमेंटच्या धुण्याचा सामू 12 च्या वर जातो. कालविण्याचे यंत्र आणि घमेली डोहाच्या काठी धुतली, आणि ते पाणी आत उतरले, तर लहानशा डोहातील मासळी कल्ले भाजून मरते. वाहत्या नदीत जे विष विरून जाते, तेच साचल्या पाण्यात जीव घेते.

चौथा प्रकार वाट अडण्याचा, आणि तो सर्वांत लांब टिकणारा आहे. जुना पूल पाडल्यावर रहदारीसाठी बाजूने वळणरस्ता केला जातो. पात्रात मुरमाचा भराव घालून त्यात सिमेंटच्या चार-सहा नळ्या टाकतात. मृगाचा पहिला लोंढा येतो तेव्हा सारे पाणी त्या नळ्यांतून इतक्या वेगाने सुटते की चढणीचा मासा त्यातून वर जाऊ शकत नाही. रोहू, कटला, मृगळ या जाती पावसाळ्यातील पुराच्या पाण्यात, काठच्या उथळ जागी अंडी घालतात. मोठी मादी एका वेळी लक्षावधी अंडी घालते, आणि ती अंडी एक दिवसाच्या आतच फुटतात. मरळीचे तसे नाही. ती काठच्या वनस्पतींत घरटे करते आणि नर-मादी पिलांची राखण करतात. परंतु दोघांनाही पहिल्या पुराच्या वेळी उथळ काठ गाठावा लागतो. त्या दिवसांत वाट बंद राहिली, तर वर्षाची संतती बुडाली.

लहान ओढ्यांवर हा दोष कायमचाही होऊन बसतो. पुलाच्या जागी नळ्यांची मोरी बसविली आणि तिचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा उंच राहिला, तर खालच्या बाजूची माती वाहून जाऊन हातभर उंचीची पायरी तयार होते. माणसाला ती दिसतही नाही. माशाला मात्र तो धरणाचा बांध होतो.

उपायांची गोष्ट आता सांगतो. यांत न परवडण्याजोगे काहीच नाही.

पात्रातील पायाचे काम पूर ओसरताच, म्हणजे कार्तिकात, हाती घ्यावे आणि माघाअखेर पात्राबाहेर पडावे. त्या काळात अजून थोडा प्रवाह असतो, पाणी थंड असते, आणि मासळीला सरकावयास जागा असते. वरचे बांधकाम चैत्र-वैशाखात खुशाल चालू द्यावे. वळणरस्त्याचा भराव मृगापूर्वी काढावा; तो काढणे अशक्यच असेल, तर नळ्या मोठ्या व्यासाच्या घालाव्या, आणि त्यांचा काही भाग पात्राच्या तळाखाली पुरावा, म्हणजे आतून वाळू-मातीचा नैसर्गिक तळ राहील व पाणी संथ जाईल.

उपसा करण्यापूर्वी पाळीच्या आतील मासळी बारीक आसाच्या मऊ जाळ्याने काढावी. हे काम पहाटे करावे. मासे पाण्याने भरलेल्या टोपल्यांत किंवा पिंपांत, सावलीत, दाटी न करता ठेवावेत आणि त्याच नदीच्या जवळच्या खोल डोहात सोडावेत. इंजिनाच्या नळीच्या तोंडाला जाळी बांधावी. बंधूंनो, हे काम कंत्राटदाराच्या मजुरांना येणार नाही. ते आपल्या तरुणांच्या हातचे आहे, आणि ते मजुरी घेऊन करावयाचे काम आहे.

उपसलेले गढूळ पाणी सरळ नदीत न सोडता काठावरील खड्ड्यात निवळू द्यावे. सिमेंटची यंत्रे धुण्यासाठी पात्रापासून दूर निराळा खड्डा असावा. ओल्या काँक्रीटला दोन-चार दिवस डोहाचे पाणी लागू देऊ नये. जुन्या पुलाचा राडारोडा पात्रात ढकलून देऊ नये. सुरुंगाने पूल पाडू नये. कारण पाण्यातील धक्क्याने माशाच्या पोटातील हवेची पिशवी फुटते, आणि दूरवरची मासळीही मरते. काम संपल्यावर पात्रातून काढलेले मोठे दगड पुन्हा पात्रातच लावून द्यावेत. ओढ्यांवरील मोऱ्यांचा तळ प्रवाहाच्या तळाखाली ठेवावा.

यावर कोणी म्हणतील, "एवढा खटाटोप कशाला? शासकीय केंद्रातून बीज आणून सोडले की झाले." मत्स्यबीज निर्मितीचे उपकार आम्ही मानतो. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसातील अंगुल येथे माशांना टोचणी देऊन अंडी घालावयास लावण्याचा प्रयोग यशस्वी केला, आणि त्या स्मरणार्थ 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. आपल्या संस्थांचे तलाव त्याच विद्येवर उभे आहेत. परंतु त्या केंद्रांतून मुख्यतः रोहू, कटला, मृगळ यांचे बीज मिळते. डोहातील वाम, शिंगाळा, गावरान झिंगा आणि बाजारात नाव नसलेली ती बारीक चांदीसारखी मासळी, जी गरिबाच्या भाकरीबरोबर लागते, तिचे बीज कोणत्याही केंद्रातून विकत मिळत नाही. तिचे केंद्र म्हणजे तो डोहच होय. आणि तलावाचा ठेका भरण्याची ऐपत नसलेल्या घरांचा, विधवा भगिनींचा, वृद्धांचा आधार ही नदीची मोकळी मासळीच आहे.

कायद्याचा आधार किती, हेही पाहू. 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने मासे मारण्यासाठी पाण्यात सुरुंग लावणे किंवा विष कालविणे हा अपराध ठरविला. 1974 च्या जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियमाच्या 24 व्या कलमाने प्रवाहात दूषित पदार्थ सोडण्यास बंदी केली. परंतु त्याच कलमात अशीही तरतूद आहे की, अधिकार असलेल्या व्यक्तीने पूल, बंधारा इत्यादी कायम स्वरूपाचे काम बांधले, तर केवळ तेवढ्यावरून ती अपराधी ठरत नाही. तरतूद योग्यच आहे; नाही तर कोणी पूल बांधलाच नसता. मात्र तिचा अर्थ असा की, मासळी मेल्यावर कायद्याकडे धाव घेण्यापेक्षा काम सुरू होण्यापूर्वी अटींकडे लक्ष देणे अधिक फलदायी आहे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाने रस्ते व पूल यांच्या कामासाठी जी विनिर्देशपुस्तिका केली आहे, तिच्या 111 व्या कलमात पर्यावरणाच्या रक्षणाची दक्षता आणि 306 व्या कलमात मातीची धूप व गाळ यांचे नियंत्रण सांगितले आहे. म्हणजे तत्त्व मान्य झालेले आहे. उणीव आहे ती एवढीच की, मांजरेच्या अमुक डोहात काय आहे, हे त्या पुस्तकात असू शकत नाही. ते सांगणारा माणूस निविदा निघण्यापूर्वी अभियंत्यापुढे गेला पाहिजे.

या बाबतीत दूरदेशीचे एक उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेच्या वायव्येस वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. तेथील मूळ रहिवासी जमातींचे जीवन सामन नावाच्या माशावर चालते. हा मासा समुद्रातून नद्यांत चढतो आणि ओढ्यांत अंडी घालतो. 1854-55 च्या करारांनी या जमातींनी आपल्या जमिनी सोडल्या, परंतु मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे रस्ते झाले, आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांनी माशांची वाट अडविली. तेव्हा 21 जमाती न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे साधे होते: मासे धरण्याचा हक्क दिलात, पण मासे येण्याची वाटच बंद केलीत, तर त्या हक्काला अर्थ काय? 2013 साली न्यायालयाने राज्याला त्या मोऱ्या बदलण्याचा आदेश दिला, आणि 2018 साली तेथील सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांची मते समसमान पडल्याने तो आदेश कायम राहिला. नदीत काम करण्याचे महिने तेथे माशांच्या हंगामाप्रमाणे ठरवून दिलेले असतात. त्यांचे महिने आपल्याला उपयोगी नाहीत. कारण त्यांची नदी निराळी, मासा निराळा. घ्यावयाची ती त्यांची रीत.

आपल्याकडेही एक चांगले उदाहरण आहे. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2013 रोजी निर्णय दिला. त्यानुसार बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावयाचे आहेत. तो निर्णय दोन राज्यांच्या पाणीवाटपासाठी झाला. मासळीचा विचार त्यात मुख्य नव्हता. तथापि गोदावरीचा राजमार्ग पावसाळ्यात खालून वर चढणाऱ्या मासळीस त्यामुळे मोकळा मिळतो. राजमार्ग खुला आणि ओढ्यांच्या गल्ल्या मात्र मुरमाच्या भरावाने बंद, अशी स्थिती होऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.

म्हणून समाजाच्या सर्व शाखांना आमची नम्र सूचना अशी आहे. प्रत्येक गावाने आपल्या शिवारातील डोहांची यादी करावी: डोहाचे नाव, उन्हाळ्यातील खोली, त्यात कोणती मासळी राहते, कोठे अंडी घालते. ही माहिती आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे; ती कागदावर उतरली नाही तर त्यांच्याबरोबरच जाईल. लिहिण्याचे काम आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी करावे. ती यादी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास, सार्वजनिक बांधकाम विभागास व जिल्हा परिषदेस द्यावी. पुलाचे काम मंजूर झाल्याची बातमी येताच संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी अभियंत्यांना भेटावे, आणि वर सांगितलेल्या अटी लेखी मागाव्या. भेटताना तक्रारीचा सूर नको. नदी जाणणारी माणसे म्हणून सहकार्य देण्यास जावे. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतातील उभ्या पिकाचे नुकसान जर मोजले जाते, तर डोहातील उभ्या पिकाचेही मोजले जावे, हे म्हणावयास आता आपणास अधिक बळ आहे.

आणि एक बंधन आपण स्वतःवरही घालून घेतले पाहिजे. उपसलेल्या खड्ड्यातील मासळी फुकट मिळते म्हणून तिच्यावर कोणी तुटून पडू नये, आणि मृग-आर्द्रात चढणीच्या मासळीला ओढ्याच्या तोंडाशी जाळे लावू नये. पोटात अंडी असलेली एक मादी सोडून देणे म्हणजे दोन वर्षांनी आपल्याच लेकरांच्या ताटात वाढून ठेवणे होय. जो स्वतः नियम पाळतो, त्याचाच शब्द अभियंत्याच्या मेजावर वजनदार ठरतो.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी नदीच्या दोन्ही तीरांना माणसे सुखरूप पोहोचविली. आता ते काम पुलांनी पत्करले आहे, आणि ते त्यांनी उत्तम करावे. पाण्याखालच्या मुक्या जीवांना मात्र कोणी प्रतिनिधी नाही. त्यांच्या वतीने बोलण्याचे काम आपल्याखेरीज दुसरे कोणी पत्करील असे आम्हास दिसत नाही. या वर्षी दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक शाखेने निदान एका डोहाची नोंद पूर्ण करावी, आणि पुढील मेळाव्यात ती येथे वाचून दाखवावी, एवढी आमची विनंती आहे.